धुकं छान आलंय

थंडीत पहाटे पाच वाजता सभ्य माणसं काय करतात? झोपतात. फार तर कूस बदलतात, पायाशी गेलेलं पांघरूण गळ्यापर्यंत ओढतात, आणि दुधवाल्याची बेल वाजलीच तर बायको उठते आहे असा कानोसा घेऊन मगच गाढ झोपेत असल्याचं सोंग आणतात. मीही पूर्वी सभ्य होतो. नंतर मला फोटोग्राफीचा नाद लागला.

आता डिसेंबर उजाडला की दर रविवारी पहाटे साडेचारला मी अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, गळ्यात कॅमेरा आणि काखेत ट्रायपॉड अशा थाटात स्वयंपाकघरात चोरपावलांनी चहा करत असतो. पहिल्या वर्षी या वेषात खाली उतरलो तेव्हा आमच्या सोसायटीच्या वॉचमननं शिट्टी फुंकली होती. आता फुंकत नाही. नुसता हळहळतो.

कोथरूडात आम्ही असे सात जण आहोत. एक दंतवैद्य, एक प्रोफेसर, एक रिटायर्ड इंजिनियर, एक किराणा दुकानदार (यांचा कॅमेरा आम्हा बाकी सहांच्या कॅमेऱ्यांच्या बेरजेहून महाग आहे), कॉम्प्युटर कंपन्यांतली दोन तरुण पोरं आणि बँकेत क्लार्क असलेला मी. आमच्या मंडळाला नाव नाही. नाव ठेवलं की घटना येते, घटना आली की खजिनदार येतो, आणि खजिनदार म्हटलं की सगळ्यांच्या माना आपोआप बँकेतल्या माणसाकडे वळतात. तेव्हा नाव नको हा ठराव मीच मांडला आणि मीच पास करून घेतला. नियम मात्र एक आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि प्रत्येकानं सरत्या थंडीतले आपले आवडते तीन फोटो दाखवायचे. तेही मोबाइलवर अंगठा सरकवत नाही. कागदावर छापून, हातात देऊन. फोटो याच थंडीतला पाहिजे. मागल्या वर्षीचा फोटो म्हणजे मुदत संपलेला चेक.

थंडीतले फोटो म्हणजे आमच्या लेखी धुक्याचे फोटो. काश्मीरकडच्या लोकांना बर्फ आहे, आम्हाला धुकं. पण धुकं सांगून येत नाही. रात्री आभाळ निरभ्र पाहिजे, वारा पडलेला पाहिजे, हवेत ओल पाहिजे. मग जमीन दिवसभराची ऊब आभाळाला देऊन टाकते, गार पडते, आणि तिला टेकलेल्या हवेतली वाफ बारीक थेंब होऊन तरंगायला लागते. मध्येच ढग आला की संपलं. जरा वारा सुटला की संपलं. हवामान खात्याच्या हिशेबात हजार मीटरवरचं दिसेनासं झालं की ते धुकं. आमच्या हिशेबात वेताळ टेकडीवरून समोरच्या बांधकामाची क्रेन दिसेनाशी झाली की ते धुकं. अशा वेळी आमचं पुणं इतकं सुंदर दिसतं म्हणता! त्याचं कारण, दिसत नाही.

बरं, धुकं मिळालं तरी कॅमेऱ्याला ते पटायला पाहिजे. कॅमेऱ्याच्या डोक्यात एक पक्की समजूत असते, की जगातल्या काळ्या-पांढऱ्याची सरासरी काढली तर ती मध्यम करडी येते. त्यामुळे पांढरंशुभ्र धुकं दाखवलं की तो घाबरतो आणि ते मळकट करून ठेवतो. म्हणून त्याला वरून थोडा प्रकाश जास्त मांडावा लागतो, प्लस एक, कधी दीड. आमच्यातल्या प्रोफेसरसाहेबांना हे समजायला दोन हिवाळे लागले. मला एका मिनिटात समजलं. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. सरासरी काढून खरं चित्र कसं मळवायचं, हे आम्हाला तीन वर्षं शिकवलेलं असतं.

एवढं करून पहाटे बोटं गारठून शटरचं बटण सापडत नाही. थंडीनं बॅटरी अर्ध्यातच मान टाकते. नाकातोंडाची वाफ डोळ्याशी धरलेल्या काचेवर बसते आणि ज्या धुक्यासाठी आपण एवढे आलो ते धुकं आतूनच तयार होतं. कुणी कुरकुर केलीच तर इंजिनियरसाहेब लगेच सुनावतात, "ही काय थंडी आहे? १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ डिग्री होती!" १९३५ साली इंजिनियरसाहेबांचा जन्मही झालेला नव्हता, पण सांगतात मात्र असं, की जणू त्या दिवशी स्वेटर ते घरीच विसरून आले होते.

फोटोचा हा नाद मला लागला तो आमच्या नानांमुळे. नाना म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. काळा, डब्यासारखा. एका रोलमध्ये बारा फोटो. तो रोल नाना दोन-दोन वर्षं पुरवायचे. एक दिवाळीचा, एक संक्रांतीचा, मावशीच्या लग्नातले दोन, आणि एक कायम शिल्लक, "वेळ काय सांगून येते?" म्हणून. फोटो काढण्याआधी ते आम्हाला उन्हाकडे तोंड करून उभं करत. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम. मग कॅमेरा डोळ्याशी घट्ट धरून दरडावत, "थांब. श्वास घेऊ नकोस." आणि खट्. झालं. दुसरा नाही. त्यामुळे आमच्या घरच्या अल्बममध्ये तिन्ही पिढ्यांचे डोळे मिचमिचलेले आहेत. आमच्या लग्नाआधी हा अल्बम पाहून सासरेबुवांनी मध्यस्थाला हळूच विचारलं होतं म्हणे, "यांच्याकडे डोळ्यांचं काही आहे का?"

तेव्हा नव्हतं. दोन वर्षांपूर्वी निघालं. नानांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि डावाही त्याच्या मागोमाग. डॉक्टर म्हणाले, करून टाका. नाना म्हणाले, थंडीत. जुन्या लोकांची ही समजूत पक्की असते, की डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करावं, उन्हाळ्यात जखम चिघळते. आता तसं काही राहिलेलं नाही, बारा महिने करतात, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. पण मला नानांचं म्हणणं मनापासून पटलं, कारण तेव्हा मे महिना होता.

मग थंडी आली. त्या थंडीत आमच्या शाखेत इन्स्पेक्शन निघालं. दुसरी थंडी आली, म्हणजे ही आत्ताची. या थंडीत मी हप्त्यावर मोठी लेन्स घेतली.

या लेन्सबद्दल मी फार बोलणार नाही. बायको आधीच पुरेसं बोललेली आहे. लांबीनं ती आमच्या वरवंट्याएवढी आहे आणि वजनानं तशीच. ती घेतल्यावर भिगवणला जाणं भाग होतं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. लांब पायांचे, गुलाबी पंखांचे. शनिवार-रविवारी तिथे पक्ष्यांपेक्षा लेन्स जास्त असतात. २०१५ च्या सप्टेंबरपासून आमच्या बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळते, पण ती साऱ्या देशातल्या बँकवाल्यांना मिळते, आणि त्यांतले निम्मे मला भिगवणच्या पाण्यावर भेटले आहेत. म्हणून या जानेवारीत मी सोमवार-मंगळवार अशा दोन कॅज्युअल टाकल्या. वर्षाला बारा कॅज्युअल. बँकेतला माणूस त्या कशा खर्च करतो यावरून त्याची परीक्षा करावी, असं आमचे एक जुने हेडकॅशियर म्हणत.

कुंभारगावच्या काठावरून होडी घेतली. होडीवाला कोळ्याचा पोर, वय वीस-बावीस. मी लेन्स लावली तशी त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, शटर वाढवा. आता उडतील." हा पक्षी एकदम उडत नाही. आधी पाण्यावरून पाच-सात पावलं पळतो, पंख फडफडवतो आणि मग वर उठतो. लोकल पकडणाऱ्या माणसासारखा. मी दोन दिवसांत अकराशे फोटो काढले. नानांच्या भाषेत ब्याण्णव रोल. म्हणजे त्यांच्या वेगानं एकशे चौऱ्याऐंशी वर्षांची बेगमी.

ते अकराशे फोटो निवडण्यात उरलेला जानेवारी गेला.

या वर्षी बैठक आमच्या घरी होती. फेब्रुवारीचा पहिला रविवार, मंडळी सहकुटुंब आलेली, बायकोनं मटारच्या करंज्या केलेल्या. सुरुवातीला दरवर्षीप्रमाणे प्रोफेसरसाहेबांनी आमच्या ज्ञानात भर घातली. या खेपेला त्यांनी विल्सन बेंटली काढला. अमेरिकेत व्हरमाँटला हा एक शेतकरी होता. यानं १८८५ साली हिमाच्या एका कणाचा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढला, आणि मग जन्मभर तेच करत राहिला. पाच हजारांवर हिमकण! गोठलेल्या खोलीत, कण वितळायच्या आत, श्वास रोखून. "आणि सांगायची गोष्ट म्हणजे," प्रोफेसर भारावून म्हणाले, "आजन्म अविवाहित होता."

"म्हणूनच जमलं," आतून प्रोफेसरीणबाईंचा आवाज आला.

१९३१ साली बर्फाच्या वादळातून चालत घरी गेल्यावर न्यूमोनियानं तो वारला, हे प्रोफेसर सांगणार होते, पण आता सांगून सोय नव्हती. ते त्यांनी मला नंतर जिन्यात सांगितलं.

मग फोटो निघाले. एकवीस फोटोंपैकी अकरा धुक्याचे. सिंहगडच्या वाटेवरचं धुकं, पाषाण तलावावरचं धुकं, मुळशीचं धुकं आणि एक साधारण कुठलंही धुकं, ज्यात फोटोग्राफरालाही आपण कुठे उभे होतो ते आठवेना. दंतवैद्यांच्या फोटोंत नेहमीप्रमाणे सगळ्यांची तोंडं उघडी होती. शेकोटीपाशी जांभई देणारं कुत्रं, कोवळ्या उन्हात जांभई देणारी म्हैस आणि हुरडा खाणारे त्यांचे साडू. इंजिनियरसाहेब महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठचं गोठलेलं दव टिपायला रात्री दोनला निघाले होते. दव मिळालं, पण नेमकं त्यांच्याच गाडीच्या टपावर. त्यामुळे फोटोत महाबळेश्वर कुठेच नव्हतं, टप होता. तरुण पोरांनी आभाळातलं मृग नक्षत्र टिपलं होतं. ते आम्ही आदरानं पाहिलं आणि पुढे सरकवलं.

सगळ्यांत चांगला फोटो, खरं सांगायचं तर, दुकानदारांचा होता. पहाटेचं गुऱ्हाळ. काहिलीतून उठणारी वाफ, तिच्यात कमरेपर्यंत बुडालेला गुळव्या, मागून येणारं ऊन. आम्ही सगळे गप्प झालो. दुकानदार बराच वेळ स्वतःच्याच फोटोकडे पाहत राहिले आणि मग हळुवारपणे म्हणाले, "हा गूळ चिक्कीचा आहे."

माझे तीन. पहिला सिंहगड, ढगात अर्धा बुडालेला आणि सोनेरी उन्हात न्हालेला. (सोनेरी रंग थोडा मी कॉम्प्युटरवर घातला होता. सगळेच घालतात.) दुसरा भिगवणचा, पाण्यावरून पळत सुटलेला रोहित, पंखांचं पीस न् पीस मोजून घ्यावं असा. आणि तिसरा नानांचा. हा मी एका सकाळी चहा पिता पिता सहज काढला होता. गॅलरीत वेताच्या खुर्चीत नाना, डोक्याला माझीच माकडटोपी, अंगावर शाल, चेहऱ्यावर कोवळं ऊन आणि दोन्ही हातांनी नाकाशी धरलेला पेपर. खाली मी नाव टाकलं होतं, 'कोवळं ऊन'. सगळ्यांना तो आवडला. टोपीच्या लोकरीचा धागा न् धागा उतरला आहे, असं प्रोफेसर म्हणाले. मी नम्रपणे लेन्सचं नाव सांगितलं.

"पेपर इतका जवळ का धरलाय?" दंतवैद्यांनी विचारलं.

"सवय," मी म्हणालो.

नाना दाराशी आरामखुर्चीत बसले होते. रोहितचा फोटो हातोहात फिरत त्यांच्यापर्यंत गेला. त्यांनी तो घेतला, खिडकीच्या बाजूला वळवला, लांब धरला, जवळ आणला. मी कौतुकाच्या तयारीनं उभाच होतो.

"धुकं छान आलंय," नाना म्हणाले.

त्या फोटोत धुकं नव्हतं. तो सकाळी दहाचा, लख्ख उन्हातला फोटो होता. तरुण पोरांतला एक जण हसला. त्याला वाटलं, आजोबांनी विनोद केला. दंतवैद्य हसले नाहीत. दातांचे का असेना, डॉक्टर होते. ते उठून नानांच्या खुर्चीजवळ गेले आणि म्हणाले, "नाना, पक्षी कसा वाटला?"

"पक्षी आहे होय?" नाना म्हणाले आणि फोटो पुन्हा खिडकीकडे वळवला.

करंज्या उत्तम झाल्या होत्या असं सगळे म्हणाले. मंडळी जरा लवकरच गेली.

रात्री मी कॉम्प्युटर उघडून 'कोवळं ऊन' मोठा करून पाहिला. तो मी आधी वीस वेळा मोठा करून पाहिला होता. लोकर पाहिली होती, पापणीवरचा उजेड पाहिला होता, कडा धारदार आल्यात की नाही ते पाहिलं होतं. आता पेपर पाहिला. तो नाकापासून वीतभर अंतरावरही नव्हता. आणि मग एकेक नोंद आपोआप जुळत गेली, जशी कॅश जुळत नसताना रात्री साडेसातला एकदम जुळते. नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले घ्यायचे असतात. नानांचं पेन्शन आमच्याच शाखेत. त्यांची सही चौकटीच्या बाहेर, वरच्या बाजूला हवेत झाली होती. शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्यानं ती मला दाखवली तेव्हा मी म्हणालो होतो, "वय झालं रे आता."

"नाना पेपर वाचतात ना रोज?" मी बायकोला विचारलं.

"गेले चार महिने मी वाचून दाखवते," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर पडलात की. ते नुसता धरून बसतात. सवय."

"मला बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही लेन्स पुसत होतात."

सोमवारी मी उरलेल्या दहा कॅज्युअलपैकी चारांचा अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, "कुठले पक्षी या वेळी?" मी काही बोललो नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आमच्यापुढे लेन्सचं दरपत्रक ठेवलं. एका अंतराची, अनेक अंतरांची, देशी, परदेशी. या विषयावर एरवी मी तासभर बोलू शकतो. ऑपरेशनसकट हिशेब माझ्या लेन्सच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. नानांनी फक्त एक शंका काढली, "पण आता थंडी संपत आली की रे." त्यावर बायको म्हणाली, "नाना, त्यांच्याकडे ए.सी. असतो. हवी तेवढी थंडी लावायला सांगते." नानांना हे पटलं. ऑपरेशन पाऊण तासाच्या आत उरकलं, आणि त्यात पाव तास नाना डॉक्टरांना क्लिक थ्रीबद्दल सांगत होते, असं नर्स म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येताना नाना काळ्या गॉगलच्या कडेवरून रिक्षाबाहेर पाहत होते. घरात शिरल्यावर गॉगल काढून ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. "हिला रंग कधी दिला?" दिला नव्हता. ती सहा वर्षं पांढरीच होती. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं, त्यामुळे पांढरा रंग पिवळट दिसतो आणि निळा तर जवळजवळ जातोच, असं डॉक्टर म्हणाले होते. आमची चहाची निळी बरणी नानांनी दोनदा हातात घेऊन पाहिली.

आठवड्यानंतर एका सकाळी त्यांनी माझे तिन्ही फोटो मागितले. गॅलरीत खुर्ची ओढून, मांडीवर घेऊन एकेक पाहिला. सिंहगड बघून म्हणाले, "ऊन एवढं पिवळं असतं का रे?" मी म्हणालो, तिथे असतं. रोहितचा बराच वेळ पाहिला. "पाय किती बारीक!" म्हणाले. "आणि हे पाणी उडालंय पायापाशी. वा." मग स्वतःचा हातात घेतला. तो खूपच वेळ धरला.

"कठडा वाकडा आलाय," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. आला होता. उजवीकडे चांगला बोटभर उतरलेला. सात जणांनी हा फोटो पाहिला होता, वीस वेळा मी पाहिला होता.

"आण इकडे तुझा तो," नाना म्हणाले. मी लहान लेन्स लावून कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला.  त्यांनी तो सवयीनं डोळ्याशी नेला, डाव्या नाही, उजव्या. मला कठड्याला टेकून उन्हाकडे तोंड करून उभं केलं. फेब्रुवारीअखेरचं ऊन, बरंच चढलेलं.

"थांब. श्वास घेऊ नकोस."

खट्.

"नाना, आणखी एक काढा," मी म्हणालो. "माझे डोळे मिटले असतील."

"मिटू देत," नाना म्हणाले. "रोल संपेल."